ताप बघताना प्रवास विचार

ओपीडीत नवीन बसतोयस, म्हणून सांगतो. तापाचा पेशंट आला की नाडी धरतानाच विचार, "इतक्यात कुठं बाहेरगावी?" आपल्या सोलापुरात प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यू लिहून मोकळे. मीही फसलोय. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागावरचा पोरगा, चार दिवस नुसत्या पॅरासिटामॉलवर ठेवला. डोळे पिवळे दिसले तेव्हा विचारलं, तर लग्नाला मलेरियाच्या पट्ट्यात, गडचिरोलीकडं आठ दिवस राहून आलेला! फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार निघाला. पोरगा वाचला, माझी झोप उडाली.

पहिली स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून मलेरिया बघायची तपासणी, निगेटिव्ह आली म्हणून सोडू नकोस. १२ ते २४ तासांनी परत काढ. मलेरियाचा दुसरा प्रकार, व्हायवॅक्स, तर यकृतात दडून महिन्यांनी उलटतो, तेव्हा जुना प्रवासही विचार. "गावी गेलो होतो" याला लोक प्रवास म्हणतच नाहीत बघ.