कुकरमध्ये वाढतो तो दाब की दबाव?

प्रश्न असा आहे: मुलांसाठी विज्ञानाचा मजकूर लिहिताना ‘कुकरमध्ये वाफेचा दबाव वाढल्यामुळे पाणी लवकर उकळते’ असं वाक्य तयार झालं. यात ‘दबाव’ बरोबर की ‘दाब’? ‘वाफ’ लिहावं की ‘बाष्प’? आणि ‘शिट्टी’ हा बोलण्यातला शब्द छापील मजकुरात चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: दाब. मराठीत दबाव माणसांवर येतो. राजकीय दबाव, दबावगट, कुणाच्या तरी दबावाखाली दिलेला राजीनामा. वस्तूंच्या जगात दाबच असतो: रक्तदाब, हवेचा दाब, कमी दाबाचा पट्टा, उच्च दाबाची वाहिनी. हिंदी बातम्यांत ‘कम दबाव का क्षेत्र’ ऐकून आपल्याकडेही दबाव डोकावतो, पण मराठीने या दोन शब्दांची केलेली वाटणी इतकी स्वच्छ आहे की ती मोडू नये. जुन्या लेखनात याच अर्थाने ‘भार’ही भेटतो, वायुभारमापक हा शब्द त्यातूनच आला. आज मात्र भार आणि दाब वेगळे ठेवावे लागतात, कारण दाब म्हणजे ठरावीक क्षेत्रफळावर पडणारं बल. कुकर समजायचा तर हे ‘क्षेत्रफळावर’ फार महत्त्वाचं आहे.

तो हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो इतका जादा दाब तयार होतो. वाफ बाहेर पडण्याचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर होतं. तेवढ्या भोकावर तो दाब रोखायला ७० ग्रॅमच्या आसपासचं वजन पुरतं. आता तोच दाब २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर लावा: ३०० किलोंपेक्षा जास्त! एकच दाब, पण एका जागी तो चिमुकल्या वजनाने अडतो आणि दुसऱ्या जागी झाकण हाताने उघडता येत नाही, उघडूही नये.

पण माझ्या मते त्या वाक्यातला खरा दोष ‘दबाव’ हा नाहीच. तो ‘लवकर उकळते’ यात आहे. दाब वाढला की पाणी लवकर उकळत नाही, उशिरा उकळतं. उघड्या भांड्यात समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि उकळू लागलं की कितीही आच द्या, तापमान तिथेच अडकतं. जादा उष्णता वाफ करण्यात खर्च होते. कुकरमध्ये ती वाफ कोंडते. तिचा दाब पाण्याच्या पृष्ठभागावर पडतो, पाण्याला उकळणं अवघड होतं आणि ते न उकळता तापत राहतं, सुमारे १२० अंशांपर्यंत. लवकर होतं ते शिजणं, या वाढलेल्या वीस अंशांमुळे. उलट एव्हरेस्टच्या माथ्यावर, जिथे हवेचा दाब कमी, तिथे पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळू लागतं आणि अन्न मात्र शिजता शिजत नाही. म्हणून वाक्य असं करा: ‘कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो, पाणी जास्त तापमानाला उकळते आणि अन्न लवकर शिजते.’

‘कोंडणे’ मी मुद्दाम वापरलं. ‘वाफ तयार होते’ उघड्या भांड्यातही खरं आहे. कुकरचा कुकरपणा कोंडण्यात आहे. अशी नेमकी क्रियापदं रोजच्या बोलण्यात आयती आहेत. रिंग सैल झाली की कुकर वाफ ‘धरत नाही’. गॅस बंद केल्यावर वाफ ‘जिरते’, आणि हे तर शास्त्रीयदृष्ट्याही चोख आहे: थंड होताना वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि दाब उतरतो. मग कुकर ‘पडला’ म्हणायचं.

आता वाफ आणि बाष्प. वाफ हा बाष्पाचाच प्राकृतातून आलेला वंशज. (संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूसुद्धा.) बाष्पीभवन, बाष्पदाब अशा समासांत बाष्प शोभतं; एकटा शब्द हवा असेल तर वाफच लिहा. एक गोष्ट मात्र मुलांना जरूर दाखवा. वाफ जोरात सुटते तेव्हा सुरक्षित अंतरावरून भोकाच्या अगदी तोंडाशी पाहिलं, तर थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट तिच्यावर सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते, कारण पाण्याचं वायुरूप दिसत नाही. पांढरं दिसतं ते गार हवेत झालेले पाण्याचे बारीक थेंब. बोलण्यात आपण दोन्हींना वाफच म्हणतो. विज्ञानाच्या मजकुरात हा फरक एका वाक्यात सांगायला हवा.

राहिली शिट्टी. ती बेलाशक छापा. आवाजाचं नाव त्या वजनाला चिकटलं, म्हणून शिट्टी ‘होते’ही आणि शिट्टी ‘लावतात’ही, संदर्भाने अर्थ कळतो. भागाचं काम समजावताना ‘वजन’ लिहिलं की पुरे. या वजनाची युक्ती जुनी आहे: दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर हाडंसुद्धा मऊ करणारं बंद भांडं मांडलं, आणि ते फुटू नये म्हणून वजनाने दाबलेली झडपही त्यानेच योजली. फक्त ‘जास्त शिट्ट्या म्हणजे जास्त तापमान’ असं कुठे लिहू नका. शिट्टी होते म्हणजे दाब त्याच्या मर्यादेला पोचला आणि जादा वाफ बाहेर गेली. आच मोठी केली तर शिट्ट्या भराभर होतील, आतलं पाणी आटेल, पण तापमान जवळपास तेवढंच राहील.