गोदामातला माल एकगठ्ठा द्यावा की सुटा विकत राहावे?

आपले पत्र दोनदा वाचले. जुन्या ट्रॅक्टरांच्या सुट्या भागांचा व्यवसाय ४१ वर्षे केल्यावर, वयाच्या ६९ व्या वर्षी, गुडघे साथ देत नसताना आपल्यासमोर दोन वाटा आहेत. याच धंद्यातला एक तरुण व्यापारी सगळा माल आपल्या विक्रीच्या किमतीच्या ४० टक्क्यांत घ्यायला तयार आहे. निम्मी रक्कम आता आणि उरलेली चार वार्षिक हप्त्यांत. दुसरी वाट म्हणजे दुकान बंद करून घरबसल्या एकेक भाग विकत राहणे. ४० टक्के हा आकडा आपल्याला अपमानास्पद वाटतो, आणि ज्या माणसाने प्रत्येक डबा स्वतः भरला त्याला तसे वाटणे मी समजू शकतो. तरीही माझे मत माल एकगठ्ठा देण्याच्या बाजूचे आहे, मात्र आज समोर आहेत त्या अटींवर नव्हे.

आपल्या मालाची किंमत १०० धरू. सुटी विक्री पहिल्या वर्षी १६, मग १३, १०, ८ आणि पाचव्या वर्षी ६ झाली, तर पाच वर्षांत ५३ हाती येतील. जागा, विमा, मदतनीस आणि पाठवणीचा खर्च दरवर्षी ५ धरला तर २८ उरतात, आणि ७ टक्के दराने त्यांचे आजचे मूल्य, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशांची आजच्या हिशेबात किंमत, जेमतेम २४ भरते. यात आपल्या श्रमाचे मोल शून्य धरले आहे. व्यापाऱ्याच्या ४० चे आजचे मूल्य याच दराने सुमारे ३७ होते. विक्री दरवर्षी घटत जाईल असे मी धरले, त्याचे कारण आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. फर्ग्युसन टीई-२० (१९४६ ते १९५६) आणि फोर्ड ८एन (१९४७ ते १९५२) ही ट्रॅक्टरे प्रत्येकी पाच लाखांहून अधिक निघाली, म्हणून त्यांच्या भागांना गिऱ्हाईक आहे. पण त्याच कारणाने त्यांचे नव्याने घडवलेले भागही बाजारात मिळतात आणि मूळ भागाचा भाव फार चढू देत नाहीत. थोड्या संख्येने निघालेल्या मॉडेलांच्या भागांना स्पर्धा नाही, पण त्यांचे गिऱ्हाईक केव्हा येईल याचा नेम नाही, आणि तोवर रबरी ऑइल सील (तेलाची गळती रोखणाऱ्या कड्या) शेल्फवरच कडक होत जातात.

एका मोहापासून मात्र आपल्याला कळकळीने सावध करतो. ‘चालणारा माल आधी मी विकतो, उरलेला त्याला देतो’ असे आपण लिहिले आहे. कृपया तसे करू नका. त्याचे ४० टक्के त्या चालणाऱ्या मालासाठीच आहेत. मलई काढून घेतल्यावर उरलेल्या दुधाला भंगाराचा भाव येईल.

आता अटींविषयी. आगाऊ रक्कम निम्म्याऐवजी ६० ते ६५ टक्के मागा आणि त्यासाठी एकूण भावात थोडे खाली यावे लागले तरी या. उरलेल्या हप्त्यांना बँक हमी किंवा स्थावर तारण हवेच. हमी न घेता माल ताब्यात देणे म्हणजे ज्याचा धंदा अजून चाचपडतो आहे त्याला चार वर्षांची बिनतारण उधारी देणे होय. घरखर्च या हप्त्यांवर अवलंबून ठेवू नका; आगाऊ रकमेतून निदान चार वर्षांचा खर्च मुदत ठेवींत बाजूला काढा, म्हणजे एखादा हप्ता चुकला किंवा बाजार कोसळला तरी बाकीची गुंतवणूक पडत्या भावात मोडावी लागणार नाही. गोदाम आपल्या मालकीचे आहे, ते विकू नका. त्याच व्यापाऱ्याला भाड्याने द्या आणि भाडेकरार स्वतंत्र ठेवा. मालाच्या विक्रीची रक्कम बहुधा व्यवसायाचे उत्पन्न धरली जाते आणि एकाच वर्षात आली तर कराचा बोजा वाढू शकतो, म्हणून सही करण्याआधी आपल्या लेखापालाला मसुदा दाखवा.

आणि ज्याची किंमत आपण लावलीच नाही, ते आपले ज्ञान. डब्यांवर खडूने लिहिलेले आकडे आपल्याखेरीज कुणाला वाचता येत नाहीत, आणि एक गिअर हातात घेऊनच तो कोणत्या दोन मॉडेलांना बसतो हे आपण सांगता, असे आपणच लिहिले आहे. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती निम्मा माल मुका आहे. म्हणून यादी करून देण्याचे आणि पहिली दोन वर्षे आठवड्यातून एक दिवस मार्गदर्शनाचे मानधन मालाच्या किमतीबाहेर, वेगळ्या करारात मागा. माझ्या मते वाटाघाटीत आपली खरी ताकद इथे आहे, कारण दुसऱ्या कुणाकडून त्याला ही माहिती मिळणार नाही.

मेणकागदात गुंडाळलेला तो मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग), आपण दुरुस्त केलेला पहिला, स्वतःकडे ठेवता येईल का, असे आपण शेवटी विचारले आहे. अवश्य ठेवा, पण मालाची मोजदाद सुरू होण्यापूर्वी तो घरी न्या आणि यादीतून वगळल्याचे करारात एका ओळीत नोंदवा.