यादी पाठवणार नाही

मालवण, जूनअखेर

चि. बायेस,

तुझा मेल वाचला. 'सर, तीनशे इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह पाठवा, रोज दहा पाठ करते.' नाही पाठवणार.

अमेरिकेतला साहेब कॉलवर 'लेट्स टेबल धिस' म्हणाला, तू रात्रभर जागून स्लाइड केल्यास, आणि सकाळी कळलं की त्याला तो विषय बाजूलाच ठेवायचा होता. यात तुझं इंग्रजी कच्चं नाही गो. विलायतेत टेबल करणं म्हणजे विषय चर्चेला आणणं, अमेरिकेत तोच लांबणीवर टाकणं. टेबल दोन्हीकडे सभागृहातलंच. एकीकडे कागद त्यावर ठेवतात तो सगळ्यांनी बघावा म्हणून, दुसरीकडे पडून राहावा म्हणून. आपल्या विधानसभेत अहवाल 'पटलावर ठेवतात', ते विलायती वळण. तुझ्या यादीत एकच अर्थ छापलेला असणार. टेबल कुणाचं, हे यादी कुठे सांगते? म्हणून आधी वस्तू बघ. अर्थ नंतर.

'गजालीन घोव खाल्लो', म्हणजे गप्पांच्या नादात कामाचा विचका, हे तू कुठल्या पुस्तकातून पाठ केलंस? आजीने चुलीवर करपलेल्या कालवणाकडे बोट दाखवलं असेल, आणि झालं. मुसळधार पावसात मुसळ शोधायला तरी कधी गेलीस? (गवती छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज', ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट मात्र थाप आहे. वस्तू बघ म्हणजे वस्तू रच असं नव्हे.)

मला हे महागात पडलं. तरुणपणी मुंबईला एका कॉलेजात मुलाखतीला गेलो होतो. माझ्या वहीत 'टू द बिटर एंड'समोर 'शेवटपर्यंत' एवढंच लिहिलेलं. मी ताठ बसून सांगितलं, तुमच्या कॉलेजात मी बिटर एंडपर्यंत राहीन. समोरचे तिघेही हसले. कितीही हाल झाले, वाईटच झालं तरी शेवटपर्यंत, असं मी बोलून बसलो होतो. परतीच्या एसटीत रात्रभर डोळा लागला नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की जुन्या जहाजांवर नांगराचा दोर गुंडाळायला भक्कम खुंट असत, त्यांना बिट्स म्हणत. दोराचं जे टोक खुंटाच्या आत, जहाजातच राहतं ते बिटर एंड. कॅप्टन जॉन स्मिथच्या १६२७च्या 'सी ग्रामर'मध्येच ते नोंदलंय. दोर तिथवर सुटला की आणखी सोडायला काही उरत नाही. बायबलमधल्या कडू शेवटाची चव त्यात मिसळली असंही मानतात. बंदरापासून पाच मिनिटांवर वाढलेला मी, आणि नांगराचा दोर मला मुंबईत आडवा आला!

तुझ्या आजोबांच्या शिडाच्या होडीत मी एकदा बसलो होतो. किल्ल्याच्या पलीकडे वारा फिरला, समोरून आला, शीड उलटं डोलकाठीला चिकटलं आणि होडी जागीच थबकली. मी फळीवरून खाली. आजोबा शांतपणे दोर सोडत होते. इंग्रज याला 'टेकन अबॅक' म्हणतो. माणूस चकित होऊन थबकला की तेच. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे झिंगलेला. त्यातलं शीट म्हणजे चादर नव्हे, शीडही नव्हे. शिडाचा कोपरा ताणून धरणारा दोर. तो सुटला की शीड फडफडतं आणि होडी झोकांड्या खाते. आजोबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हे दोन्ही त्यांना माझ्याआधी कळले असते.

तू म्हणशील, सर, नववीत तुम्हीच याद्या पाठ करून घेतल्यात. घेतल्या. पेपरात मार्क यादीलाच होते, पोरं नापास झाली असती तर पालक माझ्याच दारात आले असते. शिवाय छडी मी फार जोरात मारत नसे. तुम्हा चाळीसजणांना एक दिवस जेटीवर नेलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मात्र अलीकडे रात्री आठवतं. जेटी शाळेच्या खिडकीतून दिसायची.

'टच बेस', 'बॉलपार्क' हे तुझ्या साहेबाच्या बेसबॉलमधले. एक सामना यूट्यूबवर बघ, सुटतील. नाहीच कळलं तर त्यालाच विचार. लाजतेस कसली?

सध्या मासेमारीला बंदी आहे, ३१ जुलैपर्यंत बाबा घरीच जाळी सांधत बसलेले असतील. फोन कर. नांगराच्या दोराचं बोटीतलं टोक कशाला बांधतात, आणि त्याला आपल्याकडे काय म्हणतात, ते विचारून मला कळव. माझं विचारायचं राहून गेलं.

तुझा,
सर