वाचकांचे प्रश्न : ठेकेदार म्हणतो ४० टन, संगणक म्हणतो १८

प्रश्न : बाणेरला ६,००० चौरस फुटांचं ऑफिस करतोय. ६० माणसं, तिसरा मजला, वर आणखी मजले, पश्चिमेला पूर्ण काच. एसीचा ठेकेदार 'दीडशे फुटांना एक टन' या हिशेबाने ४० टन सांगतो. सल्लागाराच्या सिम्युलेशनमध्ये (संगणकावर इमारतीचं मॉडेल करून काढलेल्या हिशेबात) १८ आले. विश्वास कुणावर ठेवायचा?
— इंटिरियर डिझायनर, बाणेर

उत्तर : आधी कागदावर ताडून बघा. बसून काम करणारा माणूस घामाच्या बाष्पासह साधारण १३० वॉट उष्णता देतो. ६० जणांचे झाले ७.८ किलोवॉट. एलईडी दिवे चौरस मीटरला ८ वॉट धरले तर ५५७ चौरस मीटरना ४.५. संगणक शंभर वॉटचे धरून ६. बेरीज १८.३ किलोवॉट. एसीचा एक टन म्हणजे ३.५२ किलोवॉट उष्णता काढण्याची क्षमता, म्हणजे हे सगळं मिळून सव्वापाच टनही नाही. ताजी हवा माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) आणि वर चौरस फुटाला ०.०६, अशी एकूण ६६०. पावसाळ्यात तिचे दोन-सव्वादोन टन होतात. उरली काच. १०० चौरस मीटर काच, एसएचजीसी (उन्हाच्या उष्णतेतला आत येणारा वाटा) ०.४, उतरत्या उन्हाचे चौरस मीटरला ६०० वॉट धरले तर २४ किलोवॉट, म्हणजे जवळजवळ सात टन. भिंती, इतर काचा, पंख्यांची उष्णता यांना दोन टन द्या. सोळाच्या आसपास आकडा येतो, १५ टक्के राखीव धरून साडेअठरा. त्यातही मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन आणि जुलैची दमट हवा एका वेळी येत नाहीत, म्हणजे ही बेरीज सढळच आहे. सल्लागाराचा आकडा पटण्यासारखा आहे. मात्र वेगळी सर्व्हर खोली असेल तर तिचा हिशेब निराळा.

तरी सल्लागाराला तीन गोष्टी विचाराच. राखीव टक्के एकदाच धरलेत ना? (सॉफ्टवेअर १५ टक्के वाढवतं, ठेकेदार त्यावर २० चढवतो आणि मग बाजारात मिळणारं पुढचं मोठं मशीन येतं.) ताजी हवा मॉडेलमध्ये आहे ना? आणि काच तीच येणार आहे ना? खर्च वाचवायला ऐनवेळी ०.६ ची काच लागली, तर साडेतीन टन तिथेच वाढले.

आता ४० टन बसवले तर काय बिघडेल? उन्हाळ्यात काहीच जाणवणार नाही. खरी गंमत जुलैत. बाहेर २४-२५ अंश, हवा ओलीचिंब. खोली थंड करायचं काम थोडं, पाणी काढायचं काम जास्त. मोठं मशीन पाच मिनिटांत तापमान गाठून बंद होतं, कॉइलवरचं पाणी निथळण्याआधी पंखा ते परत खोलीत सोडतो. मग चोवीस अंशांतही चिकचिक, फाइलींना वास आणि रिमोट १८ वर. इन्व्हर्टर किंवा व्हीआरएफ (गरजेप्रमाणे क्षमता कमी-जास्त करणारं मशीन) असलं तरी त्यालाही किमान क्षमतेची मर्यादा असतेच. म्हणून डिझाइन-दिवस, म्हणजे ज्या कठीण दिवसावर मशीनचं माप ठरतं तो, फक्त मे महिन्याचा घेऊ नका. कमाल दवबिंदूचा, म्हणजे हवेत सर्वाधिक बाष्प असलेला, दुसरा दिवस एनर्जीप्लस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये देता येतो, तो द्यायला सांगा आणि जुलैतली खोलीतली आर्द्रता तासागणिक मागा. समुद्रसपाटीपासूनची उंचीही तपासा. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, हवा पाच-सहा टक्के विरळ. सीएफएम त्या प्रमाणात वाढवावे लागतात.

प्रश्न : आमच्या इमारतीचं मॉडेल वर्षाला जेवढी युनिटं दाखवतं, त्यापेक्षा बिल बरंच जास्त येतं. मॉडेल चुकलं का?
— फॅसिलिटी मॅनेजर, हिंजवडी

उत्तर : बहुधा मॉडेलमधलं वेळापत्रक (काय कधी चालू असतं ते) चुकलंय. महावितरणची बारा महिन्यांची बिलं घ्या. छतावर सोलर असेल तर त्याची निर्मिती मिळवून निर्यात वजा करा, जनरेटरची युनिटंही धरा, नाहीतर तुलनाच खोटी. मग रविवारी रात्री दोन वाजता मीटर बघा. यूपीएस, सर्व्हर, पाण्याचे कूलर मिळून जो पाया भार (सतत चालू राहणारा वीजवापर) दिसतो, तो मॉडेलमध्ये बहुतेकदा निम्माही नसतो. नंतर सफाईची वेळ, शनिवार आणि रिमोटवरचं खरं तापमान मॉडेलशी ताडा. शेवटी हवामान. मॉडेलमधली फाइल 'नमुना वर्षा'ची असते, बिल खऱ्या वर्षाचं, म्हणून त्याच वर्षाची फाइल घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. मासिक आकड्यांत सरासरी फरक ५ टक्क्यांच्या आत आणि सीव्ही-आरएमएसई (महिन्यागणिक चुकीचं सरासरीशी प्रमाण) १५ टक्क्यांच्या आत आला की अॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या गाइडलाइन १४ प्रमाणे मॉडेल चालण्याजोगं. बिलाशी जुळावं म्हणून भिंतीचं यू-मूल्य (तिच्यातून उष्णता किती सहज जाते त्याचं माप) ओढूनताणून बदलणं मात्र नको. आकडा जुळतो, पण फरकाचं खरं कारण सापडत नाही.

प्रश्न : लहान प्रकल्पात सिम्युलेशनला वेळ कुठून आणायचा?
— आर्किटेक्ट, कोथरूड

उत्तर : प्रत्येक केबिन काढत बसू नका. मजल्याचे पाच झोन (एकत्र हिशेब करायचे भाग) पुरेत : कडेने साडेचार मीटरचे चार, मधला एक. मधले सारखे मजले एकदाच काढून गुणक द्या. एनर्जीप्लस, ते वापरणं सोपं करणारं ओपनस्टुडिओ आणि पुण्याची हवामान फाइल, तिन्ही फुकट मिळतात. हे दर्शनी भाग ठरण्याआधी करा, कारण काच ऑर्डर झाल्यावर बदलायला फक्त मशीन उरतं. घरं किंवा छोटी सोसायटी असेल तर सिम्युलेशन सोडाच. इको निवास संहितेचा, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीचा, आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता) साध्या एक्सेलमध्ये निघतो : पुण्यासाठी मर्यादा चौरस मीटरला १५ वॉट, छताचं यू-मूल्य १.२ पर्यंत.