'बिल भरलं ना तुमचं' म्हणणाऱ्या शेठचं काय करायचं?

प्रश्न: माझे मिस्टर (वय 30) अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडून पॉवर प्रेस मशीनवर होते, पगार 13,000. मार्च 2025 मध्ये डाव्या हाताची दोन बोटं गेली. शेठने हॉस्पिटलचं बिल भरलं, वर 25,000 देऊन 'पुढे काही मागणार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं. आता म्हणतात तो आमचा माणूसच नाही, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. काही मिळेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, मिळेल. पण आधी पगाराची स्लिप काढा आणि ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापत होते का ते बघा, सगळं त्यावर आहे. कापत असतील तर शेठवर भरपाईचा दावा चालत नाही, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात चौकशी करा. मेडिकल बोर्ड जेवढं अपंगत्व ठरवेल त्या हिशोबाने दर महिन्याला पैसे येतात, तेही आयुष्यभर.

ईएसआय नसेल तर 1923 चा कामगार भरपाई कायदा लागू होतो. (21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीये, पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा.) हिशोब असा, पगाराचे 60% म्हणजे 7,800, त्याला कायद्याच्या तक्त्यातला वय 30 चा आकडा 207.98 ने गुणायचं आणि एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर त्याचे 20%, म्हणजे जवळपास सव्वातीन लाख. बोटं अर्धवट गेली असतील तर कमी बसतं. आणि ते 25,000 घेऊन गप्प बसा म्हणे!

त्या स्टॅम्प पेपरला घाबरू नका, भरपाईचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, कलम 17 तेच सांगतं. बिल भरलं हे पण उपकार नाहीत, उपचाराचा खर्च कायद्यानेच द्यावा लागतो आणि तो भरपाईतून वजा होत नाही. ठेकेदाराचा माणूस असला तरी कंपनीच्या कामावर होता ना, मग कंपनीकडूनच मागता येतं, त्यांनी नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं.

एक मात्र होणार, शेठचा वकील म्हणेल प्रेसचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कव्हर) यानेच मुद्दाम काढला, म्हणून भरपाई नाही. प्रॉडक्शनसाठी गार्ड कोण काढायला लावतं हे अंबडमध्ये सगळ्यांना माहितीये, पण कोर्टात सांगायला सोबतचा एखादा कामगार लागेल, त्याच्याशी आत्ताच बोला. गेटपास, डिस्चार्ज कार्ड, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. दावा नाशिकच्या कामगार न्यायालयात, अपघातापासून दोन वर्षांत, म्हणजे मार्च 2027 च्या आत. महिन्याभरात पैसे दिले नाहीत म्हणून 12% व्याज पण मागा, वकील विसरले तर आठवण करून द्या.