ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विज्ञानपटांना फारसा मिळत नाही. मग चांगले विज्ञानपट निवडायला कोणत्या पुरस्कारांची यादी बघावी?

विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांची. हा पुरस्कार परीक्षक देत नाहीत. वर्ल्डकॉन या वार्षिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे पदरचे पैसे भरणारे चाहते, पसंतीक्रम लावून मतं देतात. प्रत्यक्ष जाता आलं नाही तरी सभासद होऊन घरबसल्या मत देता येतं. पुरस्कार १९५३ साली सुरू झाले. मतपत्रिकेवर 'कोणालाच नको' हाही पर्याय असतो आणि १९७७ साली चित्रपट-मालिकांच्या विभागात चक्क तोच जिंकला! १९७० मध्ये तर याच विभागात अपोलो ११ च्या बातम्यांच्या प्रक्षेपणाला पुरस्कार मिळाला. चाहत्यांचं हे प्रेम मला फार भावतं.

आता सुरुवात कुठून करावी? 'अरायव्हल'पासून, डोळे झाकून. ह्यूगो २०१७. परग्रहवासीयांसमोर भाषातज्ज्ञ लुईस एका पांढऱ्या फळ्यावर 'ह्यूमन' एवढा एकच शब्द लिहून उभी राहते, तो प्रसंग नीट बघा. ना बंदूक, ना स्फोट, तरी छातीत धडधड होते. याला ऑस्करची आठ नामांकनं होती, हाती लागलं फक्त ध्वनिसंपादनाचं.

त्यानंतर 'मून', ह्यूगो २०१०. चंद्रावरच्या खाणीत तीन वर्षांच्या करारावर राहिलेला एकटा माणूस. याची कथा आधी कुठेही वाचू नका, ट्रेलरही नको. 'गॅलक्सी क्वेस्ट' मात्र घरच्यांसोबत बघा. चाहत्यांवर इतक्या मायेने केलेला दुसरा सिनेमा मी पाहिलेला नाही.