ख्रिस्ती मंडळीत नव्याने आलेल्यास : उपकारस्तुती आणि दान
उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणे, रविवारच्या उपासनेपुरती ठेवू नका. रात्री जेवणापूर्वी त्या दिवसाची एक नेमकी गोष्ट, मग ती शेजाऱ्याने डवरणीला दिलेली बैलजोडी का असेना, देवापुढे मांडावी आणि शेजाऱ्यालाही तसे सांगावे, कारण बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 17 व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला एकच परतला होता. दानासाठी कर्ज मात्र काढू नये. दान शेतातूनही देता येते. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेले पीक, गरिबांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा आहे. सोयाबीन निघाल्यावर शेंगा वेचायला येणाऱ्या बायांना पुष्कळ जण धुऱ्यावरूनच हाकलतात, तुम्ही त्यांना वेचू द्यावे आणि पाण्याची कळशी सावलीत ठेवावी. दानपेटीत किती टाकले, असे विचारणारे भेटतीलच. त्यांना हसून टाळावे.